हातापायांना वेळ कोण सांगते?

गेल्या अंकातील या सदरात अंड्यातील पिल्लाच्या वाढीविषयी एक छोटे टिपण छापले होते. कोंबडीच्या अंड्यात उबवणीच्या तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पंखांचे आणि पायांचे कोंब दिसू लागतात आणि त्यांची हाडे खांद्याकडून बोटांकडे अशा ठरलेल्या क्रमाने आखली जातात, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर निपाणी, खानापूर, चिकोडी आणि बेळगाव शहरातून पत्रे आली. विषय एकच असल्याने त्यांतील निवडक पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेने वगळली आहेत.

प्रश्न : पंखात आधी दंडाचे हाड, मग पुढच्या हाताची दोन हाडे, मग मनगट आणि बोटे असा क्रम असतो, हे मी वर्गात सांगितले. तेव्हा मुलांनी विचारले, की दंड झाला, आता मनगटाची वेळ आली, हे पेशींना कळते कसे? शरीरातून कोणी हुकूम देते, की जनुकांतच दिवस लिहून ठेवलेले असतात? (विज्ञान शिक्षक, मराठी माध्यमाची शाळा, निपाणी)

आपल्या विद्यार्थ्यांनी विचारलेल्या या प्रश्नावर पंचाहत्तरहून अधिक वर्षे प्रयोग चालू आहेत आणि त्यातील काही भाग आजही वादाचा आहे, हे त्यांना अवश्य सांगा.

कोंब म्हणजे बाहेरून पातळ त्वचेचे आवरण आणि आत एकसारख्या दिसणाऱ्या पेशींचा गर. कोंबाच्या टोकाला त्वचेची एक जाडसर कड असते. अमेरिकेतील जॉन साँडर्स यांनी १९४८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील ही कड अत्यंत बारीक हत्याराने काढून टाकली आणि अंडे पुन्हा उबवायला ठेवले. कड लवकर काढली तर पंख दंडाच्या हाडापाशीच थांबला, थोडी उशिरा काढली तर कोपराच्या पुढपर्यंत आला आणि आणखी उशिरा काढली तर फक्त बोटे राहून गेली. कड असेपर्यंत कोंब पुढे वाढत राहतो, हे त्यातून सिद्ध झाले. ही कड एफजीएफ या कुळातील प्रथिने सोडते आणि त्यांच्यामुळे खालच्या पेशी जगतात आणि विभाजित होत राहतात, हे पुढे समजले.

मग वेळ ही कडच सांगते का? साँडर्स यांनी सहकाऱ्याबरोबर तेही तपासले. त्यांनी वयाने मोठ्या कोंबाची कड लहान कोंबावर आणि लहान कोंबाची कड मोठ्या कोंबावर बसवली. दोन्ही वेळा पंख जवळजवळ नेहमीसारखाच झाला. याचा अर्थ असा, की कड फक्त 'वाढत राहा' एवढेच सांगते आणि आता कोणता भाग घडवायचा हे ठरवणारी यंत्रणा आतल्या गरात असते.

लंडनमधील लुईस वोल्पर्ट आणि त्यांचे सहकारी डेनिस समरबेल व ज्युलियन लुईस यांनी १९७३ मध्ये याहून पुढचा प्रयोग मांडला. सुमारे तीन दिवसांच्या कोंबाचे टोक कापून त्यांनी ते चार-साडेचार दिवसांच्या कोंबाच्या बुंध्यावर बसवले. जो पंख तयार झाला त्यात दंड होता, त्यापुढे पुढचा हात होता आणि त्याच्याही पुढे पुन्हा एकदा दंड, पुन्हा पुढचा हात आणि शेवटी बोटे होती. आपण कुठे बसलो आहोत याची दखल न घेता कोवळ्या टोकाने आपला संपूर्ण क्रम पहिल्यापासून पार पाडला. उलट बाजूने, वयाने मोठे टोक कोवळ्या बुंध्यावर बसवले तेव्हा मधले भाग गाळून बोटे जवळजवळ खांद्यालगतच आली. हा प्रयोग फळ्यावर दोन आकृत्या काढून दाखवता येतो आणि मुलांना तो लगेच उमजतो, म्हणून तो मुद्दाम सविस्तर दिला आहे. टोकाखालच्या पेशी तेथे किती काळ राहिल्या ते स्वतः मोजतात आणि जितका काळ जास्त तितका पुढचा भाग घडवतात, असा निष्कर्ष वोल्पर्ट यांनी काढला.

तो निष्कर्ष जसाच्या तसा टिकला नाही. २०११ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, की सुरुवातीला धडाच्या बाजूकडून येणारे, अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनोइक आम्ल कोंबातील पेशींना 'दंडाच्या' अवस्थेत धरून ठेवू शकते. कोंब वाढून धडापासून लांब गेला, आणि टोकाकडच्या प्रथिनांच्या प्रभावाखाली ते आम्ल नष्ट होऊ लागले, की ती पकड सुटते. त्यानंतर २०१५ मध्ये मॅथ्यू टॉवर्स यांच्या गटाने हिरव्या प्रकाशाने चमकणाऱ्या कोवळ्या पेशी वयाने मोठ्या पंखाच्या टोकात बसवल्या. शेजारच्या पेशी पुढे निघून गेलेल्या असूनही या पेशींनी हॉक्स-ए-१३ हे मनगट आणि बोटांच्या भागाशी संबंधित जनुक स्वतःच्या वयानुसारच सुरू केले, विभाजनाचा वेगही स्वतःच्या वयानुसारच कमी केला आणि आपल्यावरची कडही तितका जास्त काळ टिकवून धरली. पहिला टप्पा बाहेरच्या संकेतावर आणि त्यानंतरचे टप्पे आतल्या मोजणीवर, असे चित्र त्यातून तयार झाले. रेटिनोइक आम्ल बनवू न शकणाऱ्या उंदरांच्या काही भ्रूणांत मागचे पाय तरीही नीट आखले गेले, असेही दिसले आहे. त्यामुळे पहिल्या टप्प्यात या आम्लाचा वाटा नेमका किती, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. जनुकांत दिवस लिहिलेले नसतात. आपल्याकडचा शेतकरी पंचांग पाहत असला तरी तिफण जुंपतो ती जमिनीला वाफसा आल्यावरच. पेशींचेही तसेच आहे. आम्लाची पातळी उतरणे, गुणसूत्राचा घट्ट गुंडाळलेला भाग उलगडणे, आधीच्या जनुकाचे प्रथिन पुरेसे साठणे अशा अटी पूर्ण झाल्या की पुढचे जनुक सुरू होते आणि त्याचे प्रथिन त्याच्या पुढच्यासाठी अट बनते. या साखळीला लागणारा वेळ म्हणजेच कोंबाचा वेळ. उंदरात मेइस गटातील जनुके दंडाच्या भागात, हॉक्स-ए-११ पुढच्या हाताच्या भागात आणि हॉक्स-ए-१३ व हॉक्स-डी-१३ ही पंजाच्या भागात असा हा क्रम दिसतो. अकरा क्रमांकाची दोन्ही जनुके काढून टाकली तर पुढच्या हाताची दोन हाडे जवळजवळ नाहीशी होतात आणि तेरा क्रमांकाची दोन्ही काढली तर बोटे घडत नाहीत.

प्रश्न : आमच्या उसाच्या फडात तोडणीच्या वेळी अजगर निघाला. वनखात्याच्या लोकांनी तो पिशवीत घालण्यापूर्वी मी जवळून पाहिले, तर शेपटीच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना नखासारखे काहीतरी होते. सापाला पाय असतात का? (वाचक, खानापूर तालुका)

आपण पाहिले ते बरोबर आहे. ते अजगराच्या मागच्या पायांचे अवशेष आहेत. नरात ते मोठे असतात आणि समागमाच्या वेळी तो त्यांचा उपयोग करतो. आत मांडीच्या हाडाचा एक लहानसा तुकडाही असतो.

अजगराच्या भ्रूणात मागच्या पायांचे कोंब रीतसर येतात, पण सॉनिक हेजहॉग नावाचे जनुक तेथे फारच थोडा वेळ चालू राहून बंद पडते आणि कोंबाची वाढ थांबते. हे जनुक कोंबाच्या करंगळीकडच्या काठावर काम करते आणि बोटे किती व कोणती हे त्याच्या प्रमाणावर व मुदतीवर ठरते. त्याला चालू करणारा नियंत्रक तुकडा त्याच गुणसूत्रावर, पण तेथून डीएनएची सुमारे १० लाख अक्षरे दूर असतो. सापांत या तुकड्यातील १७ अक्षरांचा एक भाग गळालेला आहे. २०१६ मध्ये संशोधकांनी उंदराचा तुकडा काढून त्या जागी सापाचा तुकडा घातला, तेव्हा उंदरांचे पाय खुंटले आणि गळालेला भाग परत भरून तोच तुकडा घातला, तेव्हा पाय पुन्हा नीट आले. मी या विषयात वाचलेल्या प्रयोगांत इतके स्वच्छ उत्तर देणारे प्रयोग थोडेच आहेत.

जनुकाची मुदत आणि बोटांची संख्या यांचा संबंध ऑस्ट्रेलियातील एका जातकुळीच्या सापसुरळ्यांतही दिसतो. त्यांच्या काही जातींना पाच बोटे आहेत, तर काहींना त्याहून कमी आणि जिथे हे जनुक लवकर बंद होते तिथे बोटे कमी. याच नियंत्रक तुकड्यातील एखादे अक्षर बदलून जनुक भलत्या काठावरही चालू झाले, तर उलट परिणाम होतो आणि जादा बोट येते. हौशी लोक पाळतात त्या मऊ पिसांच्या सिल्की कोंबडीला चाराऐवजी पाच बोटे असतात, ती अशाच बदलामुळे. माणसांत अंगठ्याच्या बाजूला येणाऱ्या जादा बोटांपैकी काहींचे कारणही याच तुकड्यात सापडते.

प्रश्न : माझ्या बाळाच्या उजव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका जुळलेली आहेत. मला चौथा महिना असताना चंद्रग्रहण होते. त्या दिवशी मी ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली, म्हणून असे झाले, असे घरात सगळे म्हणतात. सासूबाई माझ्याशी नीट बोलत नाहीत. खरे काय ते कृपया छापा. (एक आई, वडगाव, बेळगाव)

ताई, आपल्या हातून काहीही चुकलेले नाही. हे मी आपली समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. हाताच्या वाढीचे वेळापत्रकच तसे सांगते आणि ते आपण घरातील सर्वांना वाचून दाखवावे.

गर्भधारणेनंतर सुमारे २६व्या दिवशी बाळाच्या हाताचा कोंब दिसू लागतो आणि पायाचा कोंब त्यानंतर एक-दोन दिवसांनी. सहाव्या आठवड्यात हाताचा भाग लहानशा वल्ह्यासारखा चपटा होतो आणि त्यात बोटांच्या पाच रेषा उमटतात. त्या वेळी सर्व बाळांची बोटे एकमेकांना जुळलेलीच असतात. त्यानंतर दोन बोटांमधल्या पेशींना बीएमपी गटातील प्रथिनांकडून संकेत मिळतो, त्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात हाच संकेत अडवणारे ग्रेम्लिन नावाचे प्रथिन बोटांच्या मधल्या जागेत टिकून राहते, म्हणून बदकाचा पडदा शाबूत राहतो. माणसाच्या बाळात हे सारे काम गर्भधारणेनंतरच्या आठव्या आठवड्याअखेर पूर्ण होते. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजतात, त्या हिशेबाने दहावा आठवडा संपेपर्यंत. चौथ्या महिन्यातील ग्रहणाच्या दिवशी आपल्या बाळाची बोटे जशी आहेत तशी कित्येक आठवड्यांपूर्वीच घडून झालेली होती. झालेल्या गोष्टीचे कारण तिच्यानंतर घडलेल्या गोष्टीत असू शकत नाही.

ग्रहण दुसऱ्या महिन्यात असते तरीही फरक पडला नसता. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. तिचा गर्भातील पेशींवर परिणाम होईल असे काहीही त्या सावलीत नसते. ज्या बायकांनी ग्रहण काटेकोर पाळले त्यांच्याही बाळांत जुळलेली बोटे दिसतात आणि ज्यांनी पाळले नाही त्यांची बहुतेक सारी बाळे सुट्या बोटांचीच असतात.

बोटे जुळणे हा हातातील जन्मजात फरकांपैकी नेहमी आढळणारा प्रकार आहे. दोन ते तीन हजार जन्मांमागे सुमारे एका बाळात तो दिसतो आणि सर्वांत अधिक वेळा मधले बोट व अनामिका हीच जोडी जुळलेली असते. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या येतो. जुळलेली आणि जादा बोटे एकत्र दिसणाऱ्या एका प्रकाराचे मूळ हॉक्स-डी-१३ या जनुकात असल्याचे १९९६ मध्ये उघड झाले. असे जनुक आईकडून येऊ शकते तसेच वडिलांकडूनही येऊ शकते आणि अनेकदा दोघांकडूनही न येता नव्यानेच बदललेले असते. पुष्कळ बाळांत तर कोणतेच निश्चित कारण हाती लागत नाही.

ज्यापासून खरोखर जपायचे असते तेही येथे सांगितले पाहिजे, कारण भाजीच्या विळीची भीती घालणाऱ्या घरांत औषधांच्या गोळ्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ पासून पश्चिम जर्मनीत आणि नंतर इतर अनेक देशांत विकले गेले. गरोदर बायकांना सकाळच्या मळमळीवर ते दिले जाई आणि १९६१च्या अखेरीस ते तेथील बाजारातून काढून घेईपर्यंत हजारो बाळे खुंटलेल्या हातापायांनी जन्माला आली. गर्भधारणेनंतर साधारण २०व्या ते ३६व्या दिवसांतच ते औषध घातक ठरत होते. कोंब फुटण्याचा आणि त्याची आखणी होण्याचा काळ तोच. हे औषध पेशीतील सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे एस-ए-एल-एल-४ हे हातापायांच्या घडणीला लागणारे प्रथिन नष्ट केले जाते, हे २०१८ मध्ये समजले. आपण गरोदर आहोत हे पुष्कळ बायकांना कळण्याच्या आतच या नाजूक दिवसांतील काही दिवस उलटून गेलेले असतात, म्हणून मूल व्हावे असे ठरवले असेल तेव्हापासूनच कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बाळासाठी आता करायचे ते असे. हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या शल्यविशारदाला दाखवा. एक्स-रे काढून फक्त कातडी जुळलेली आहे की हाडेही, ते पाहतात. अंगठा व तर्जनी किंवा अनामिका व करंगळी जुळलेली असतील तर शस्त्रक्रिया लवकर करतात, कारण त्या बोटांच्या वाढीचा वेग वेगवेगळा असतो आणि लांब बोट आखूड बोटाच्या बाजूला वाकू लागते. मधले बोट व अनामिका यांची लांबी बरीच जवळची असल्याने सहसा वर्ष-दीड वर्षापर्यंत थांबता येते. छातीच्या त्या बाजूचा स्नायू नीट आहे ना, हेही एकदा तपासून घ्यायला सांगा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या मनात नातवाविषयीची काळजीच असणार, पण त्या काळजीपोटी सुनेवर दोष ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, तेरा वर्षे पूर्ण झाली. वर्गातील मुली त्याच्याहून उंच आहेत. उंची वाढवण्याची पावडर आणावी असे शेजारी सुचवतात. रोज बारला लोंबकळून उंची वाढते का? (पालक, चिकोडी)

मुलींची वाढीची उसळी मुलांच्या सरासरी दोन वर्षे आधी येते. त्यामुळे सातवी-आठवीच्या वर्गात मुली उंच दिसणे अगदी नेहमीचे आहे.

लांब हाडांच्या टोकांपाशी कूर्चेची एक पातळ वाढपट्टी असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात पेशींच्या उभ्या रांगा दिसतात. एका बाजूला पेशी विभाजित होतात, मग त्या अनेक पटींनी फुगतात आणि शेवटी त्या जागी हाड तयार होते. हाड लांब होते ते मुख्यतः या फुगण्यामुळे. कोणत्या हाडातील पेशी किती फुगणार हे हाडागणिक वेगळे असते, म्हणूनच मांडीचे हाड आणि बोटाचे हाड यांच्या लांबीत एवढा फरक पडतो. किती पेशींनी विभाजित होत राहायचे आणि किती पेशींनी फुगण्याकडे वळायचे, याचा तोल इंडियन हेजहॉग आणि पीटीएचआरपी ही दोन प्रथिने एकमेकांवर नियंत्रण ठेवून सांभाळतात, तर एफजीएफआर-३ हे प्रथिन वाढीला आवर घालते. हा आवर एका अक्षराच्या बदलाने अतिरेकी झाला तर हातपाय आखूड राहतात. अशा सुमारे ८० टक्के बाळांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात, म्हणजे बदल नव्यानेच झालेला असतो. लहान वयात या आवरावर उतारा ठरणारे व्होसोरिटाइड हे औषध २०२१ पासून काही देशांत मिळू लागले आहे.

वाढपट्टीलाही स्वतःचे वय असते, हे मला येथे विशेष सांगावेसे वाटते. १९९४ मध्ये एका प्रयोगात सशाच्या एकाच पायाच्या वाढपट्टीत वाढ मंदावणारे औषध सोडले. औषध थांबवल्यावर त्या पट्टीने नेहमीहून अधिक वेगाने वाढून बरीचशी तूट भरून काढली. दोन्ही पायांना रक्त एकच आणि संप्रेरकेही तीच, त्यामुळे ही भरपाई त्या पट्टीच्या आतूनच आली असली पाहिजे. दुसऱ्या टोकाला १९२४ मधला रॉस हॅरिसन यांचा प्रयोग आहे. त्यांनी सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या मोठ्या जातीचा पायाचा कोंब लहान जातीच्या सॅलॅमँडरवर बसवला, तर पाय मूळ जातीइतकाच मोठा झाला. वाढीचा आराखडा पायाने सोबत आणला होता आणि नव्या शरीराने फक्त पोषण पुरवले.

संप्रेरकांचा वाटा यामुळे कमी होत नाही. वयात येताना वाढीला उसळी देण्यात आणि शेवटी वाढपट्टी बंद करण्यात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा मोठा हात असतो, आणि मुलांमध्येही हे काम तेच करते. १९९४ मध्ये अमेरिकेतील एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देत नव्हत्या. त्याची उंची २०४ सेंटीमीटर झाली होती, हाडांचे वय जेमतेम १५ वर्षांचे होते आणि वाढपट्ट्या अजून उघड्याच होत्या. सामान्यतः मुलींच्या वाढपट्ट्या १४ ते १६ आणि मुलांच्या १६ ते १८ वर्षांच्या दरम्यान बंद होतात.

म्हणून पावडर आणू नका. उंची ठरवणारे १२ हजारांहून अधिक जनुकीय फरक २०२२ मधील एका अभ्यासात मोजले गेले, त्यासाठी सुमारे ५४ लाख लोकांची माहिती वापरली होती. इतक्या ठिकाणी विखुरलेला वारसा डब्यातील चूर्णाने बदलत नाही आणि वाढपट्टी बंद झाल्यावर तर हाड लांब होण्याची वाटच उरत नाही. लोंबकळल्याने हाड वाढत नाही, मात्र व्यायाम म्हणून ते चांगले आहे. रोजच्या जेवणात डाळ, अंडी किंवा दूध, पुरेशी भाकरी-भाजी आणि भरपूर झोप मिळते ना, ते पाहा.

दर सहा महिन्यांनी मुलाला भिंतीला टाचा लावून उभे करा, उंची मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. तो वर्षाला ५ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढत असेल किंवा १४ वर्षे पूर्ण होऊनही वयात येण्याची कोणतीच लक्षणे दिसत नसतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ते डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवतील आणि गरज वाटल्यास थायरॉइडसारख्या तपासण्या करतील. हाडांचे वय जन्मतारखेच्या मागे असेल तर घाबरू नका. वडील किंवा मामा उशिरा उंच झाले होते का, ते विचारा. अशी मुले बहुधा उशिरा वाढतात आणि आपल्या घराण्याच्या उंचीपर्यंत पोहोचतात.

प्रश्न : जांबोटीच्या जंगलात पावसाळ्यात दिसणारी झुडपांवरची लहान बेडके पाण्यात अंडी घालत नाहीत आणि त्यांच्या अंड्यांतून थेट पायवाली पिल्ले निघतात, असे ऐकले. मग पाय केव्हा फुटायचे हे त्यांच्यात कसे ठरते? (बी. एस्सी.ची विद्यार्थिनी, खानापूर)

आपण ऐकले ते खरे आहे. जांबोटी, चोर्ला आणि आंबोलीच्या पट्ट्यात आढळणाऱ्या राओर्केस्टेस आणि स्यूडोफिलॉटस या गटांतील बेडूक ओलसर जागी, जमिनीवर किंवा पानांत अंडी घालतात आणि पाण्यात पोहणारा बेडकाचा डिंभ त्यांच्यात नसतोच.

डबक्यातील नेहमीच्या बेडकात पायांच्या कोंबांची सुरुवात थायरॉइडच्या संप्रेरकाविना होते, पण पुढची वाढ त्याच्यावाचून अडून राहते. संप्रेरक वाढले की मागचे पाय ठळक होतात, पुढचे पाय कल्ल्यांच्या आवरणाखाली लपून वाढतात आणि नंतर ते फोडून बाहेर येतात. या ग्रंथीचा परिणाम फ्रेडरिक गुडरनाच यांनी १९१२ मध्ये दाखवला. त्यांनी डिंभांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते नेहमीच्या वेळेच्या पुष्कळ आधी बेडूक झाले, मात्र आकाराने इवलेसे राहिले.

थेट वाढणाऱ्या बेडकांचा सर्वाधिक अभ्यास प्वेर्तो रिको बेटावरील कोकी बेडकावर झाला आहे. त्याच्यात पायांचे कोंब रूपांतराची वाट पाहत नाहीत. ते भ्रूणावस्थेत, मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू बनतात ती नळी) मिटल्यावर लवकरच, जवळजवळ कोंबडीच्या भ्रूणासारखे येतात. कोंबाच्या टोकाची जी कड कोंबडीत स्पष्ट उठून दिसते ती त्याच्यात तशी दिसत नाही, तरीही पाय व्यवस्थित घडतात. पुढच्या टप्प्यांना थायरॉइडचे संप्रेरक त्याच्यातही लागते, फक्त तो सारा काळ अंड्याच्या आत सरकलेला आहे. आपल्या सह्याद्रीतील गट त्याचे जवळचे नातलग नाहीत. पाण्यावाचून वाढण्याचा मार्ग त्यांच्यात वेगळ्याने निर्माण झाला, म्हणून त्यांच्या कोंबांचा अभ्यास स्वतंत्रपणे व्हायला हवा.

आपल्याला निरीक्षण करायचे असेल तर जून-जुलैत पाऊस स्थिरावल्यावर जा. वनक्षेत्रात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्या. अंडी पारदर्शक असल्याने ती न हलवता, साध्या भिंगातूनही भ्रूणाचे पाय दिसू शकतात. एकाच घरट्याचे फोटो रोज ठरावीक वेळी, फ्लॅश न वापरता काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि त्या वेळचे तापमान लिहा, कारण बेडकाच्या भ्रूणाची गती तापमानाबरोबर बदलते आणि तापमानाची नोंद नसेल तर दोन घरट्यांचे दिवस एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत.